उटकटारा आणि कळसूबाईवरचा मोठा काटेरी चेंडू, एकच झाड की दोन वेगळी?

माळावरची_मी

नमस्कार मंडळी. मी यातली जाणकार नाही, बघायची आवड आहे एवढंच, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

माझं माहेर सिन्नरच्या पूर्वेला, वावीकडे. तिथं आमच्या पडीक तुकड्यात आणि बांधाच्या कडेनं दर हिवाळ्यात एक काटेरी झाड येतं. गुडघ्याएवढं, कधी कमरेपर्यंत, बुडापासूनच फांद्या फुटलेल्या, पानं खोल कापलेली आणि प्रत्येक टोकाला काटा, पान उलटं केलं की खालून पांढरं लोकरीसारखं. आणि फांदीच्या टोकाला गोल काटेरी चेंडू, पांढरट, जरा निळसर झाक असलेला. आई त्याला काटेचुबक म्हणते, शेजारचे काका उटकटारा म्हणतात. लहानपणी शेळ्यांमागे फिरताना याचे काटे किती वेळा पायात मोडलेत त्याची गणती नाही, तरी मला ते झाड फार आवडायचं आणि अजूनही आवडतं.

तर झालं असं की गेल्या ऑक्टोबरात आम्ही नाशिकहून कळसूबाईला गेलो होतो, बारी गावातून. वर शिड्या संपत आल्यावर एका बाजूच्या गवताळ उतारावर मला तसेच चेंडू दिसले पण केवढाले! झाड माझ्या छातीपर्यंत, जाड सरळ खोड, खालची पानं हातभर लांब, आणि चेंडू जवळपास मोसंबीएवढा, पांढराशुभ्र, त्यावर मधमाश्या नुसत्या घोंघावत होत्या. मी तिथंच थांबले, सोबतचे पुढं निघून गेले तरी मला हलवेना.

घरी येऊन फोटो व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकले तर सगळे म्हणाले उटकटाराच आहे, वर पाऊस जास्त म्हणून मोठा झालाय. मोबाईलमधल्या झाड ओळखायच्या अॅपनं तर तिसरंच नाव दिलं, एकिनॉप्स रिट्रो. मला काही पटत नाहीये. आणि खरं सांगायचं तर त्या मोठ्या चेंडूचं बी आणून माझ्या इंदिरानगरच्या गच्चीत लावायचं मनात आहे, म्हणून आधी नीट कळलेलं बरं. दोन्ही एकच का वेगळी? आणि कुंडीत जगेल का?

गडवाट_नाशिक

ताई मीही ग्रुपवाल्यांसारखंच म्हणेन, एकच असावं. इगतपुरी घोटी पट्ट्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे आणि तुमच्या सिन्नर येवल्याकडे पाचशेच्या आसपास, एवढा फरक असला की तेच झाड इकडं खुरटं तिकडं उंच होणारच. आपल्याकडं कारवीसुद्धा कुठं गुडघ्याएवढी कुठं डोक्यावर असते. मी कळसूबाई, अलंग, रतनगड सगळीकडं हे चेंडू पाहिलेत, आम्ही ट्रेकवाले त्याला काटेचेंडू म्हणतो.

पानवही

गडवाट दादा, नाव तुम्ही बरोबर सांगितलंत पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. या दोन वेगळ्या जाती आहेत. मी काही वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलंय आणि या दोन झाडांचा घोळ दर वर्षी वर्गात व्हायचा म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माळावरचा तो उटकटारा, शास्त्रीय नाव एकिनॉप्स एकिनाटस. हे नाव विल्यम रॉक्सबर्ग यांनी दिलेलं, जे १७९३ पासून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. ही जात भारताच्या कोरड्या भागात सगळीकडे आहे, पार पाकिस्तान अफगाणिस्तानपर्यंत. कळसूबाईवरचा काटेचेंडू म्हणजे एकिनॉप्स सह्याद्रिकस. नावातच सह्याद्री आहे, आणि ते शोभेला नाही, हे झाड खरोखरच आपल्या सह्याद्रीच्या उंच डोंगरांवर सापडतं आणि जगात दुसरीकडे कुठं नाही. एकिनॉप्स हे दोघांचं कुळनाव समजा, ग्रीक भाषेत एकिनोस म्हणजे जाहक (हेजहॉग) हा छोटा काटेरी प्राणी किंवा समुद्रातला काटेरी गोळा, त्यासारखं दिसणारं ते एकिनॉप्स. या कुळात जगभर शंभराहून जास्त जाती आहेत. अॅपनं दाखवलेली रिट्रो ही त्यातलीच एक, निळ्या फुलांची, युरोपातल्या बागांमध्ये लावतात, तिचे फोटो इंटरनेटवर ढिगानं आहेत म्हणून अॅप गोल चेंडू दिसला की तेच नाव फेकतं. आपल्या डोंगरावर ती नाही.

आता ओळखायचं कसं. उंची आणि चेंडूचा आकार हे ढोबळ झालं, पावसानं कमी जास्त होऊ शकतं हे दादांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. पण चेंडूकडे नीट बघा. उटकटाऱ्याच्या चेंडूत फुलांच्या मधूनमधून लांब ताठ सुळे बाहेर आलेले असतात, फुलांपेक्षा उंच, हात लावला की आधी तेच टोचतात. काटेचेंडू कळीत असताना टोकदार दिसतो खरा, पण फुलला की मी पाहिलेल्या झाडांवर तरी वरून सगळा गोल एकसारखा फुलांनी भरलेला दिसतो, असे सुळे डोकावत नाहीत. दुसरं म्हणजे बांधणी. उटकटारा बुडापासून फांद्या फोडून पसरतो, एका हंगामाचं झाड, उन्हाळ्यात वाळून मोडून जातं. काटेचेंडूचं खोड जाड आणि उभं, फांद्या वर, पानं मोठी. तुमच्या वर्णनात हे सगळं आलेलंच आहे ताई, तुम्ही स्वतःला जाणकार नाही म्हणता पण बघणं चांगलं आहे तुमचं.

बांधावरचा_काका

आमच्याकडं निफाडला उटकटाराच म्हणतात. उंटाला लई आवडतो म्हणून ते नाव, लहानपणी काठेवाडी लोकं गुरं घेऊन यायची तेव्हा त्यांचा उंट हे काटे कराकरा खाताना मी डोळ्यानं बघितलंय, आमच्या बैलांनी कधी तोंड लावलं नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीनं सांगतो, रानात आलं तर फुलायच्या आधी खुरप्यानं मुळासकट काढा, मूळ सरळ खोल जातं, नुसतं वरून छाटलं तर परत फुटतं. चेंडू वाळल्यावर हात लावाल तर सगळा भुगा होऊन उडतो आणि पुढच्या साली दहाची शंभर होतात.

आणि एक विचारायचं होतं, ही करडईच्या जातीतली का? पान आणि काटा बघितला की मला करडईच आठवते. आमचे वडील ज्वारीच्या रानाला कडेनं करडईचे पाटे घालायचे, जनावर आत शिरायचं नाही.

पानवही

काका, अगदी बरोबर ओळखलंत! करडई, उटकटारा आणि काटेचेंडू एकाच गटातले, सूर्यफुलाच्या मोठ्या कुटुंबातली ही काटेरी शाखा. करडई म्हणजे यांची चुलत बहीण म्हणा. काट्यामुळं मजूर करडई काढायला नको म्हणायचे म्हणून पुढं बिनकाट्याच्या जाती काढल्या, फलटणच्या निंबकर संस्थेची नारी-६ ही त्यातलीच.

पण करडई आणि उटकटारा यांच्यात एक फरक असा आहे की तो कळल्यावर मला स्वतःला या झाडाबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला. करडईचं बोंड घ्या किंवा सूर्यफूल घ्या, बाहेर हिरव्या पाकळ्यांसारख्या पानांचं एक कवच आणि आत शेकडो बारीक फुलं, म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो तो फुलांचा गुच्छ असतो. उटकटाऱ्याचा चेंडू ब्लेडनं मधोमध कापून बघा, जाड हातमोजे घालून. आत मधे एक छोटी गोल घुंडी, तिच्यावर चारी बाजूंनी टाचण्या खोचाव्यात तशी फुलं. त्यातलं एक चिमट्यानं उपटलं तर त्या एकट्या फुलाला स्वतःचं वेगळं कवच असतं, बुडाशी केसांचा झुबका असतो. म्हणजे करडईच्या एका बोंडात जे शंभर फुलांना मिळून एक कवच असतं, ते इथं प्रत्येक फुलाला स्वतंत्र आहे. एकेका फुलाचे शंभर गुच्छ एकत्र येऊन तो चेंडू झालाय. गुच्छांचा गुच्छ. काका तुम्ही म्हणालात ना वाळल्यावर भुगा होऊन उडतो, तो भुगा म्हणजे हेच सुटे गुच्छ, प्रत्येकात एक बी, आपापल्या कवचासकट, आणि दांड्यावर मागं उरते ती नुसती टकली घुंडी. काटेचेंडूतही हीच रचना, दोघं सख्खे भाऊ आहेत ते यावरूनच.

अजून एक गंमत बघायला सांगायचो मी मुलांना. सूर्यफूल कडेकडून मधे उमलत जातं. हा चेंडू डोक्यावरून उमलायला सुरुवात करतो आणि फुलं खाली खाली उतरत जातात. त्यामुळं अर्धवट फुललेल्या चेंडूला पांढरी टोपी घातल्यासारखी दिसते.

आडगावची_वेल

टोपीचं वाचून आत्ता माझे जुने फोटो काढून बघितले आणि खरंच तसंच आहे, वरचा भाग फुललेला आणि खाली कळ्या, इतकी वर्षं बघून कधी लक्षात आलं नव्हतं.

मला दुसरीच शंका आहे. त्र्यंबक रोडला भात काढल्यानंतरच्या खाचरांत जांभळे छोटे गोल चेंडू येतात जमिनीलगत, तेही याच जातीचे का? आणि रस्त्याकडेचं ते पिवळ्या फुलाचं काटेरी, त्यालाही आमच्याकडं कोणी कोणी उटकटारा म्हणतात.

पानवही

भाताच्या खाचरातली ती गोरखमुंडी. कुटुंब तेच मोठं सूर्यफुलाचं, चेंडूसुद्धा गुच्छांचाच, पण शाखा वेगळी. काटे नसतात, पान चुरगाळलं की उग्र वास येतो, आणि तिला ओल लागते. उटकटारा ओलीत कुजेल.

पिवळ्या फुलाचं ते मात्र यांचं कोणीच नाही. तो काटेधोतरा, काही ठिकाणी पिवळा धोतरा, मूळचा मेक्सिकोकडचा आणि अफूच्या कुटुंबातला. फांदी मोडली की पिवळा चीक येतो, उटकटाऱ्याला असा चीक येत नाही. हा फरक सगळ्यांनी लक्षात ठेवा कारण काटेधोतऱ्याचं बी विषारी आहे, दिसायला मोहरीसारखं काळं बारीक, आणि मोहरीच्या तेलात त्याची भेसळ होऊन माणसं दगावली आहेत, १९९८ साली दिल्लीत मोठी साथ आली होती, पाय सुजायचे, दम लागायचा. त्यामुळं काटेरी दिसलं की उटकटारा असं कृपा करून कोणी म्हणू नका.

सातपूरकर

उटकटाऱ्याचं मूळ औषधी असतं ना? आमची आजी बाळंतीण अडली की मुळाचा लेप लावायला सांगायची असं आई सांगते. बाजारात पावडर पण मिळते, ताकदीसाठी म्हणून विकतात. कोणाला अनुभव? घरात पाहुणी आहे दिवस भरत आलेली म्हणून विचारतोय.

आडगावची_वेल

दादा नका करू असलं काही. मी स्वतः नर्स आहे म्हणून कळकळीनं सांगते. जुन्या काळी दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर होता, सुईण आणि झाडपाला एवढंच हाताशी होतं, आजींचं तेव्हाचं मी चूक म्हणत नाही. पण गर्भार बाईला कुठलंच मूळ ना पोटात द्यायचं ना लेप लावायचा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय. आणि वर पानवही सरांनी लिहिलंय की लोक तीन वेगवेगळ्या झाडांना एकच नाव देतात, त्यातलं एक विषारी, मग पुडीत नक्की काय दळलंय कोण सांगणार. पाहुणीला वेळेत दवाखान्यात न्या, रात्री अडचण आली तर १०८ ला फोन करा.

सातपूरकर

बरं झालं विचारलं. नाही देत काही. आईलाही वाचून दाखवतो.

गडवाट_नाशिक

सरांचं वाचून रात्री माझे सगळे ट्रेकचे फोटो उघडून बसलो. माझं चुकलं होतं हे मान्य. रतनगडाचे तीन आणि कळसूबाईचे पाच फोटो मोठे करून बघितले, एकाही फुललेल्या चेंडूत ते लांब सुळे नाहीत. आणि माझ्याकडं मनमाडजवळच्या अंकाईचा एक फोटो आहे जानेवारीतला, त्यात स्पष्ट सुळे बाहेर, झाड बुटकं, म्हणजे तो उटकटारा. अंकाईसुद्धा गडच आहे पण कोरड्या पट्ट्यातला, म्हणजे गड असला की काटेचेंडू असंही समजायचं नाही, पाऊस आणि उंची दोन्ही बघावं लागतं.

अजून एक, कळसूबाईच्या एका वळणावरचं झाड मी तीन वर्षं त्याच जागी बघतोय. उन्हाळ्यात गेलो तर तिथं नुसता वाळका दांडा असतो, पावसाळ्यात तिथूनच नवीन पानं. सर, म्हणजे हे मुळातून परत येतं ना?

ताई, बी आणायचं म्हणताय त्यावर मला बोलायचंय. कळसूबाई ते हरिश्चंद्रगड हा सगळा भाग अभयारण्यात आहे, १९८६ पासून. तिथून फूल पान बी काहीही परवानगीशिवाय आणता येत नाही, वन्यजीव कायदा १९७२ चा लागतो. बारीच्या वाटेवर शनिवार रविवारी किती माणसं चढतात ते तुम्ही बघितलंच असेल. त्या वाटेच्या कडेचे चेंडू मी दर वर्षी कमी होताना बघतोय, लोक सेल्फीला तोडतात, हातात धरून शिड्या चढतात आणि टोचायला लागलं की टाकून देतात. ते बघून जीव तुटतो. एक चेंडू तोडला की त्या झाडाचं त्या वर्षीचं तेवढं बी गेलं.

पानवही

हो, मुळातून परत येतं, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. म्हणूनच त्याला एक जागा धरून राहावं लागतं आणि ती जागा तुडवली गेली की संपलं. उटकटाऱ्याचं तसं नाही, ते दर वर्षी नव्या जागी बी टाकून मोकळं होतं, नांगर फिरला तरी पुढच्या बांधावर उगवतं.

कुंडीचं म्हणाल तर ताई, मी सल्ला देणार नाही. डोंगरावर त्याला चार महिने ढगात राहायची सवय, कातळावरची पाणी झिरपणारी माती, वर वारा. इंदिरानगरच्या गच्चीत एप्रिलमध्ये चाळीसच्या वर पारा जातो. तुमच्या माहेरचा उटकटारा मात्र खुशाल लावा. बी तुमच्याच बांधावरचं, कोणाची परवानगी नको. मुरमाड माती घ्या, पाणी बेताचं, कुंडी खोल हवी कारण मूळ सरळ खाली जातं. मुलं खेळतात त्या बाजूला ठेवू नका एवढंच. आणि चेंडू पिकायला लागले की कापून घ्या नाहीतर शेजारच्या सगळ्या कुंड्यांत येतील.

माळावरची_मी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

या रविवारी मुद्दाम वावीला जाऊन आले. आईची शिवणकामाची टेप घेऊन बांधावर बसले, चौदा चेंडू मोजले, काट्यांसकट साडेतीन ते पाच सेंटीमीटर, त्याच्या वर एकही नाही. सुळे प्रत्येकात. एक चेंडू विळ्यानं कापला, आत खरंच घुंडी आहे सर, आणि एकेक फूल उपटून आईच्या तळहातावर ठेवलं, प्रत्येकाला आपलं आपलं कवच. आई सत्तरीची आहे, जन्मभर हे झाड खुरपून काढत आली, ती चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसली आणि म्हणाली, अगं हे तर घराघरात एकेकटं राहणाऱ्या माणसांचं गाव आहे. मला हे इथं लिहायचंच होतं.

मग कळसूबाईचे फोटो मोठे करून बघितले. सुळे नाहीत. खोड उभं. ती दोन झाडं आता मला एकसारखी दिसतच नाहीयेत, आधी कशी दिसली कोण जाणे.

बी आणायचा विचार सोडला. अभयारण्याचं माहीत नव्हतं, माहीत नसताना मी एक चेंडू पिशवीत घालणारच होते, नवऱ्यानं काटे लागतील म्हणून थांबवलं. आता वाटतं बरंच झालं. उटकटाऱ्याचं बी एका जुन्या बादलीत टाकलंय, पाऊस पडला की बघू.

एकच शेवटचं विचारते. अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीवर कोणाला काटेचेंडू दिसलाय का? आईला कळसूबाई चढवणार नाही. अंजनेरीच्या पठारापर्यंत हळूहळू नेता येईल, तिला एकदा तो मोठा चेंडू दाखवायचाय.

गडवाट_नाशिक

अंजनेरीला मी पावसाळ्यातच गेलोय, तेव्हा फुलं नसतात त्यामुळं छातीठोक सांगत नाही. ऑक्टोबर लागला की पहिल्या रविवारी मी आधी एकटा जाऊन पठार पालथं घालतो आणि सापडलं तर इथंच कळवतो, मग आईंना घेऊन या. चढायला सकाळी लवकर निघू, उन्हाच्या आत वर पोचायला हवं.

बांधावरचा_काका

मलाही कळवा. मी येतो.